प्रश्न सभागृहात, उत्तर नस्तीत

२०२५ च्या जानेवारीत स्कॉटलंडमधील ॲरन बेटाकडे ‘ग्लेन सॅनॉक्स’ ही नवी फेरीबोट उतारू घेऊन निघाली, तेव्हा ठरलेली मुदत उलटून सहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. एका बोटीला उशीर होणे ही काही जागतिक महत्त्वाची घटना नव्हे. आपल्याकडील धरणांचे आणि पुलांचे दाखले काढले, तर एवढा विलंब किरकोळच वाटेल. तरीही या बोटीची हकीकत मुळातून समजून घेण्याजोगी आहे. लंडनने मर्यादित अधिकार सोपवून निर्माण केलेल्या एका लहानशा सरकारला त्याच्याच विधिमंडळाने खर्चाचा जाब कसा विचारला, त्यातून काय साधले आणि काय निसटले, हे या प्रकरणात जितके स्पष्ट दिसते तितके राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात दिसत नाही. या हकीकतीचे सार असे की, लोकप्रतिनिधीचा प्रश्न कितीही धारदार असला, तरी त्याचे उत्तर अखेर कोणत्या तरी कागदावर लिहिलेले असावे लागते. कागदच नसेल, तर सभागृहातील वादळ संध्याकाळपर्यंत शमते आणि खर्च झालेला पैसा परत येत नाही.

सोपीव खाती : जुनी आणि नवी

सोपविलेली सत्ता ही कल्पना मराठी वाचकाला अपरिचित नाही. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड कायद्याने मुंबई इलाख्यात द्विदल राज्यपद्धती आणली, तेव्हा शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य अशी खाती ‘सोपीव’ ठरून कौन्सिलला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आली. अर्थ, पोलिस आणि जमीनमहसूल ही खाती मात्र ‘राखीव’ राहिली. शाळा काढण्याची जबाबदारी मंत्र्याची आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, असा तो कारभार होता. कौन्सिलात मंत्र्याला प्रश्न विचारला, की पैसा नाही हे उत्तर तयार असे, आणि ते बहुधा खरेही असे.

स्कॉटलंडची गोष्ट अर्थातच निराळी आहे. तेथील सत्ता परक्या राज्यकर्त्याने हातचे राखून दिलेली नाही. ११ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात जनतेने ती मागून घेतली. १९९८ च्या कायद्यान्वये दुसऱ्या वर्षी एडिंबरो येथे १२९ सभासदांचे पार्लमेंट सुरू झाले. आरोग्य, शिक्षण, न्याय आणि अंतर्गत वाहतुकीचा मोठा भाग त्याच्याकडे आला. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण लंडनकडेच राहिले. पैशाच्या बाबतीत मात्र जुन्या द्विदल पद्धतीची आठवण व्हावी, अशीच प्रारंभीची व्यवस्था होती. जवळजवळ सर्व रक्कम लंडनच्या खजिन्यातून ठोक अनुदान म्हणून येई, आणि तिची वाढ-घट १९७० च्या दशकाच्या अखेरीस ठरलेल्या बार्नेट सूत्रानुसार होई. कर गोळा करणारा एक आणि खर्च करणारा दुसरा, अशी फारकत झाली म्हणजे जाब विचारणाऱ्याची पंचाईत होते. एडिंबरोचा मंत्री म्हणतो, लंडनने पुरेसे दिले नाही. लंडनचा मंत्री म्हणतो, दिलेले कसे खर्चावे हे एडिंबरोने ठरवायचे. २०१७ च्या एप्रिलपासून वेतनावरील प्राप्तिकराचे दर ठरविण्याचा अधिकार स्कॉटिश पार्लमेंटकडे आला. तेव्हापासून ही पळवाट थोडी अरुंद झाली असली, तरी ती बुजलेली नाही.

पार्लमेंटने आपल्या आयुष्याचा आरंभच एका महागड्या धड्याने केला. स्वतःच्या इमारतीचा खर्च १९९७ मध्ये १ ते ४ कोटी पौंडांच्या दरम्यान अंदाजला गेला होता. २००४ मध्ये वास्तू पूर्ण झाली तेव्हा तो ४१ कोटींच्या पलीकडे गेला होता. लॉर्ड फ्रेझर यांच्या चौकशीने त्या कारभाराची चिरफाड केली. सरकारला प्रश्न विचारण्यासाठी बांधलेले घरच पहिला मोठा प्रश्न होऊन बसावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

गुरुवारची दुपार

स्कॉटिश सभासदांच्या हाती असलेली आयुधे आपल्या आमदारांना ओळखीची वाटतील. लेखी प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर सामान्यतः कामकाजाच्या दहा दिवसांत द्यावे लागते. खातेवार तोंडी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवलेला असतो. यांत सर्वांत गाजते ते गुरुवारी दुपारी फर्स्ट मिनिस्टरला, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्र्याला, विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे सत्र. विरोधी नेते उभे राहतात, उपप्रश्नांची सरबत्ती होते, सत्ताधारी बाके टाळ्या वाजवतात आणि त्यातील अर्ध्या मिनिटाचा तुकडा रात्रीच्या बातम्यांत दाखवला जातो.

या सत्राला किंमत नाही असे मुळीच नव्हे. राज्यकर्त्याला दर आठवड्यास प्रतिस्पर्ध्यांसमोर उभे राहावे लागते, ही गोष्ट स्वतःच सत्तेला वेसण घालणारी आहे. जगातील किती तरी सत्ताधीशांनी ती कधी अनुभवलेली नाही. तथापि चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या या चकमकीत माहिती बाहेर येण्याचा संभव थोडाच असतो. विचारणाऱ्याला उत्तर नको असते, कोंडी हवी असते. उत्तर देणाऱ्याला खुलासा करायचा नसतो, निसटायचे असते. त्यातच स्वपक्षीय सभासद, अमुक योजनेचे मुख्यमंत्री स्वागत करतील काय, अशा छापाचे प्रश्न विचारून वेळ खातात. आपल्या विधानसभेचे कामकाज प्रेक्षागारात बसून पाहिलेल्या कोणालाही हे चित्र परके वाटू नये.

फेरीबोटींचा विषयही गुरुवारी वर्षानुवर्षे गाजत राहिला. मात्र त्याची उकल झाली ती समितीच्या खोलीत. स्कॉटिश पार्लमेंटला दुसरे सभागृह नाही, त्यामुळे कायदे तपासण्याचा आणि कारभार तपासण्याचा असा दुहेरी भार समित्यांवरच पडतो. त्यांच्यातील लोकलेखा समितीचे प्रमुखपद विरोधी पक्षाच्या सभासदाकडे असते, आणि २००० सालापासून तिच्या पाठीशी स्वतंत्र महालेखापरीक्षक उभा आहे. सभासदाला राजकारणाची नजर असते, लेखापरीक्षकाला हिशेबाची. दोन्ही एकत्र आल्या म्हणजे प्रश्नाला वजन येते.

निर्णय सापडेना

प्रकरण थोडक्यात असे आहे. क्लाइड नदीकाठी पोर्ट ग्लासगो येथे फर्ग्युसन नावाची जुनी जहाजबांधणी गोदी आहे. २०१४ मध्ये ती बंद पडण्याच्या बेतात असताना एका उद्योगपतीने ती घेतली. पुढच्याच वर्षी दोन मोठ्या फेरीबोटी बांधण्याचे ९.७ कोटी पौंडांचे कंत्राट तिला मिळाले. बोटी खरेदी करणारी कंपनी सरकारच्याच मालकीची होती. बोटी वेळेवर झाल्या नाहीत, तर आगाऊ दिलेले पैसे परत मिळण्याची पूर्ण हमी गोदीकडून मिळत नाही, हे त्या कंपनीने कंत्राटापूर्वीच सरकारच्या कानावर लेखी घातले होते. तरीही मंजुरी मिळाली.

पुढे जे व्हायचे ते झाले. २०१७ च्या नोव्हेंबरात पहिली बोट समारंभपूर्वक पाण्यात सोडण्यात आली, तेव्हा तिच्या काही खिडक्या नुसत्या रंगाने काढलेल्या होत्या. हप्ते ठरल्याप्रमाणे अदा होत होते, पण काम योग्य क्रमाने आणि योग्य दर्जाचे होत आहे याची ती खूण नव्हती. सरकारने गोदीला आणखी ४.५ कोटी पौंडांची कर्जे दिली. २०१९ मध्ये गोदी दिवाळखोरीत गेली आणि वर्षअखेर तिचे राष्ट्रीयीकरण करावे लागले. २०२२ च्या मार्चमध्ये महालेखापरीक्षकांनी अहवाल दिला, त्या वेळी एकूण खर्चाचा अंदाज किमान २४ कोटी पौंड होता, आणि तो नंतरही वाढत गेला. दुसरी बोट २०२४ च्या एप्रिलमध्ये पाण्यात उतरली, परंतु २०२५ संपेपर्यंत ती उतारूंच्या उपयोगी पडलेली नव्हती. बेटावरच्या माणसाला फेरीबोट हा चैनीचा विषय नसतो. रुग्णाला इस्पितळात जायचे असते, दुकानात माल यायचा असतो, विद्यार्थ्याला परीक्षेला पोचायचे असते. रेवस किंवा जयगडच्या खाडीकाठी ज्याने पावसाळा काढला आहे, त्याला हे सांगायला नको.

खर्चाच्या आकड्यांपेक्षाही त्या अहवालातील एक साधे वाक्य अधिक अस्वस्थ करणारे होते. धोका माहीत असूनही मंत्र्यांनी कंत्राट देण्याचे का मान्य केले, हे स्पष्ट करणारा पुरेसा लेखी पुरावा उपलब्ध नाही, असा त्याचा आशय होता. कचेरीत काम करणाऱ्या कोणाही माणसाला याचा अर्थ तत्काळ कळेल. नस्तीत पत्रे आहेत, इशारे आहेत, देयके आहेत. परंतु ‘अमुक कारणास्तव मंजूर’ हा शेरा नाही. काही आठवड्यांनी, मे महिन्यात, शोधाशोध करून सरकारने एक ई-मेल पुढे आणली. तत्कालीन वाहतूकमंत्री डेरेक मॅके यांची २०१५ च्या ऑक्टोबरमधील संमती तीत नोंदलेली होती. संमती होती, पण तिच्यामागचा विचार मात्र सविस्तर नोंदलेला नव्हता.

येथे सरकारची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. क्लाइडकाठची जहाजबांधणी हा स्कॉटलंडच्या अभिमानाचा विषय आहे. गोदी बंद पडली असती, तर शेकडो कामगारांच्या पोटावर पाय आला असता. तिला वाचविण्यासाठी थोडा धोका पत्करू, असे निर्वाचित सरकारने ठरविले, तर तो धोरणाचा निर्णय होय, आणि तो घेण्याचा त्याला अधिकार आहे. लेखापरीक्षकही त्या अधिकाराला हात घालत नाही. त्याचे म्हणणे एवढेच असते, की धोका ओळखून पत्करला असेल तर तसे लिहून ठेवा, म्हणजे त्याचे श्रेय किंवा दोष ज्याचा त्याला देता येईल. नोंद नसल्यामुळे धाडसी निर्णय आणि गाफील निर्णय यांच्यातील फरकच पुसला जातो.

लोकलेखा समितीने पुढील वर्षभर साक्षी घेतल्या. मॅके आले, अधिकारी आले, २०२२ च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्री निकोला स्टर्जन यांनाही समितीपुढे यावे लागले. २०२३ च्या मार्चमधील अहवालात समितीने पारदर्शकतेच्या आणि उत्तरदायित्वाच्या अभावावर ठपका ठेवला. या साऱ्या खटाटोपातून काय निष्पन्न झाले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दोनच महिन्यांनी मिळाले. दुसरी बोट पूर्ण करण्यापेक्षा नवी बांधून घेणे स्वस्त पडेल, असा हिशेब त्या वेळी पुढे आला होता. खर्चाबद्दल व्यक्तिशः उत्तरदायी असलेल्या वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याला हिशेबाच्या कसोटीवर त्या कामाला मान्यता देता येईना. अशा वेळी मंत्र्याने स्वतःच्या सहीने लेखी आदेश द्यावा लागतो, अशी तेथील पद्धत आहे. मंत्री नील ग्रे यांनी तसा आदेश दिला आणि मे २०२३ मध्ये पार्लमेंटला तो कळविला. नवी बोट बांधायची तर बेटवासीयांना आणखी कित्येक वर्षे थांबावे लागेल, हे आपले कारणही त्यांनी सांगितले. निर्णय बरोबर की चूक, यावर दुमत होऊ शकेल. पण तो कोणाचा आणि कशासाठी, यावर होणार नाही. २०१५ मध्ये जे घडले नव्हते ते २०२३ मध्ये घडले, ही त्या प्रश्नांची कमाई होय.

विरोधकच नसलेले सभागृह

प्रश्न विचारणारा कोणी नसला म्हणजे काय होते, याचा दाखला उत्तर आयर्लंडने दिला आहे. दोन समाजांतील दीर्घ रक्तपातानंतर १९९८ मध्ये जो करार झाला, त्यात दोन्ही बाजूंच्या पक्षांना सत्तेत एकत्र बसविणारी व्यवस्था होती. शांततेसाठी ती आवश्यकच होती. पण तिची एक किंमत होती. बहुतेक मोठे पक्ष मंत्रिमंडळात असल्यावर सभागृहात उरतो कोण? अधिकृत विरोधी पक्षाची सोय तेथे २०१६ मध्ये झाली.

दरम्यान २०१२ मध्ये तेथील सरकारने लाकडाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या बंबांना अनुदान देण्याची योजना काढली. अनुदानाचा दर इंधनाच्या किमतीहून अधिक ठरला आणि उर्वरित ब्रिटनमधील योजनेत जी उतरत्या दरांची पायरी होती ती येथे ठेवलीच गेली नाही. म्हणजे जितके जाळावे तितका नफा. योजना २०१६ च्या फेब्रुवारीत बंद होईपर्यंत वीस वर्षांच्या देण्याचा बोजा पडून बसला होता, आणि त्यातील जादा खर्चाचा त्या वेळचा अंदाज ४९ कोटी पौंडांपर्यंत गेला. लेखापरीक्षकाने आणि लोकलेखा समितीने प्रकरण उघडे केले. २०१७ च्या जानेवारीत उपमुख्यमंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला, आणि विधिमंडळ त्यानंतर तीन वर्षे ठप्प झाले. त्याच प्रकरणाच्या न्यायालयीन चौकशीत एका अत्युच्च सनदी अधिकाऱ्याने साक्षीत सांगितले, की माहितीच्या अधिकाराखाली कागद बाहेर जाऊ नयेत म्हणून काही बैठकांची इतिवृत्ते लिहिलीच जात नसत. माहितीच्या अधिकाराने कागद लोकांपर्यंत पोचावा ही अपेक्षा होती; येथे त्या अधिकारामुळे कागदच नाहीसा झाला. स्कॉटलंडमध्येही कोविडच्या काळातील मोबाइल-संदेश जतन झाले नसल्याचे २०२४ मध्ये चौकशीपुढे उघड झाले, आणि सरकारी कामासाठी असे संदेश वापरणे बंद करण्याचा निर्णय तेथील सरकारला जाहीर करावा लागला.

संख्या आणि शिस्त

प्रश्न विचारायला माणसेही पुरेशी लागतात. वेल्सच्या विधिमंडळात १९९९ पासून अवघे ६० सभासद होते. त्यांतून मंत्री आणि सभापती वजा केल्यावर जे उरत, त्यांच्यातील प्रत्येकाला अनेक समित्यांवर बसावे लागे. सकाळी आरोग्य, दुपारी अर्थ, अशी धावपळ करणाऱ्याने अर्थसंकल्पाचे बाड वाचायचे केव्हा? २०२६ च्या निवडणुकीपासून ही संख्या ९६ करण्याचा कायदा तेथे २०२४ मध्ये झाला. राजकारण्यांची भरती म्हणून त्यावर टीकाही झाली. परंतु हिशेब तपासणारा एक जाणता सभासद आपल्या वेतनाच्या कितीतरी पट रक्कम वाचवू शकतो, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

त्याहून अवघड बाब पक्षशिस्तीची आहे. माजी मुख्यमंत्री ॲलेक्स सॅमंड यांच्यावरील तक्रारी सरकारने ज्या रीतीने हाताळल्या, त्याविषयीच्या न्यायालयीन लढाईत सरकार २०१९ मध्ये हरले आणि खर्चापोटी सॅमंड यांना पाच लाख पौंडांहून अधिक रक्कम द्यावी लागली. त्या लढाईत सरकारला मिळालेला कायदेशीर सल्ला उघड करावा, असे पार्लमेंटने २०२० च्या नोव्हेंबरात एकदा नव्हे, दोनदा ठरविले. सरकारने दाद दिली नाही. उपमुख्यमंत्र्यांवर अविश्वासाचा ठराव येणार असे दिसू लागले, तेव्हा २०२१ च्या मार्चमध्ये कागद बाहेर पडले. सरकार अल्पमतात होते म्हणून हे घडू शकले. बहुमतातले सरकार असते तर दोन्ही ठराव मुळात संमतच झाले नसते. सत्ताधारी बाकांवरील सभासदही आपल्या सरकारला पाच प्रश्न विचारण्याचे धैर्य दाखवील, तेव्हाच आयुधे खऱ्या अर्थाने आयुधे ठरतील.

आपला हिशेब

या साऱ्याशी महाराष्ट्राचा संबंध काय? संबंध जुना आहे आणि ताजाही आहे. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील सभासदांना प्रश्न विचारण्याचा आणि अर्थसंकल्पावर बोलण्याचा तुटपुंजा अधिकार मिळाला, उपप्रश्नाची वा मतदानाची मुभा नव्हती. तेवढ्या अधिकारावर गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ मध्ये कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलात सरकारी शिलकीचे आकडे उलगडून दाखविले, आणि ती शिलक म्हणजे सुबत्तेचे लक्षण नसून दरिद्री रयतेवरील जादा कराचा पुरावा आहे, हे सिद्ध केले. गोखल्यांच्या हाती मत नव्हते, सत्ता नव्हती. सरकारनेच छापलेले हिशेब होते आणि ते वाचण्याची चिकाटी होती.

आज आपल्या आमदारांपाशी तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे, कपात सूचना आहे, लोकलेखा समिती आहे. लोकसभेत त्या समितीचे अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याची प्रथा १९६७ मध्ये मिनू मसानी यांच्यापासून पडली. परंतु लेखापरीक्षणाचे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतात, आणि सभासद गावी परतण्याच्या घाईत असतात. आयुधे आहेत, त्यांवर गंज चढू देण्याची सोयही आहे.

खाली जिल्ह्यात उतरले तर चित्र अधिक चिंताजनक दिसते. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्राने जिल्हा परिषदांकडे शाळा, दवाखाने, रस्ते सोपवून सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा आदर्श घालून दिला. त्यांपैकी बहुतेक परिषदांची आणि मुंबईसह अनेक महानगरपालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली. आरक्षणाच्या व प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार हाकला. अर्थसंकल्प मांडणारे प्रशासन तेच आणि त्याला मंजुरी देणारा प्रशासकही तोच. शाळेचे छप्पर का गळते, शिक्षकाची जागा का रिकामी, हे सर्वसाधारण सभेत विचारणारा सभासदच नाही! उत्तर आयर्लंडात विरोधक नव्हते. येथे सभागृहच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कोठे चाक हलले.

मागणी साधी आहे. मोठ्या खर्चाच्या प्रत्येक मंजुरीमागचे कारण, ती देणाऱ्याच्या नावानिशी, पैसे देण्यापूर्वी नोंदले जावे. अधिकाऱ्याचा सल्ला डावलला असेल, तर मंत्र्याने तो स्वतःच्या सहीने डावलावा आणि सभागृहाला तसे कळवावे. लेखापरीक्षणाचा अहवाल चर्चेला वेळ उरेल अशा बेताने यावा. आणि स्थानिक संस्थेत प्रश्न विचारणारे निर्वाचित सभासद नाहीत, अशी स्थिती काही महिन्यांपलीकडे टिकू देऊ नये.

यात कचेरीतल्या माणसाचाही वाटा आहे. स्कॉटलंडमधील त्या कंपनीने २०१५ मध्ये आपली शंका तोंडी सांगून सोडून दिली असती, तर सात वर्षांनी लोकलेखा समितीला विचारण्यासारखे फारसे काही उरले नसते. ती लिहिली गेली होती, म्हणून प्रश्न उभा राहिला. प्रतिकूल टिपण लिहिताना ज्याचा हात अडखळतो, अशा प्रत्येक कारकुनाने आणि अधिकाऱ्याने हे लक्षात ठेवावे. सभागृहातील प्रश्नाचा पाया बहुधा त्याच्याच टेबलावर घातला जातो.